सात वर्षांचा नकार

विमा एजंट या प्राण्याबद्दल मला अतोनात आदर आहे. ‘साहेब घरात नाहीत’ असं साक्षात साहेबांनीच दार उघडून सांगितलं, तरी पुढच्या रविवारी स्वारी हसतमुखानं हजर! पण विल्यम कॅरीपुढे तोही कच्चा लिंबूच म्हणायचा.

हा गृहस्थ मूळचा इंग्लंडातला, जोडे शिवणारा. १७९३ साली ख्रिस्ताची शुभवार्ता सांगायला बंगालात आला. पोटासाठी निळीचा कारखाना सांभाळला, बंगाली शिकला, बोलबोल बोलला. फळ? सात वर्षं एकही हिंदू माणूस बाप्तिस्मा घेईना! मी असतो तर सातव्या दिवशीच परतीच्या जहाजाची चौकशी केली असती.

अखेर १८०० साली हुगळीकाठच्या श्रीरामपूरचा सुतार कृष्ण पाल तयार झाला. तोही आला कशानं? त्याचा खांदा निखळला होता आणि कॅरीच्या सोबत्यानं, डॉक्टर थॉमसनं, तो बसवला म्हणून! एवढ्या प्रवचनांना जे जमलं नाही, त्याचं दार एका खांद्यानं उघडलं.

आपलं कुणी ऐकेना, की आपण आवाज चढवतो. कॅरी मात्र समोरच्याची भाषा शिकत बसला. बंगालीवर भागेना, तेव्हा १८०५ साली त्यानं चक्क मराठीचं व्याकरण छापलं. त्याचा धर्म घ्यावा न घ्यावा, ज्याची त्याची मर्जी. ती चिकाटी मात्र उसनी मिळाली तर मला हवी आहे.