ट्रेलरच्या पोटातलं पाणी

फिनिक्समध्ये राहणाऱ्याला थंडीची तयारी करायची सवय नसते. पण गाडीने चारेक तास उत्तरेला गेलं की ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा लागतो. तो सुमारे ७,००० फुटांवर आहे, आणि जानेवारीत तिथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. बर्फ पडलेली दरी बघायची, तीही ट्रेलरमध्ये मुक्काम करून, असं ठरलं आणि दिवाळी आटोपताच मी टाक्यांच्या मागे लागले.

ट्रेलरला तीन टाक्या असतात: वापरायच्या पाण्याची, सिंक-मोरीच्या सांडपाण्याची आणि संडासाची. काळजी वाटते ती टाक्यांची, पण दीडशे लिटर पाणी एका रात्रीत गोठून दगड होत नाही. आधी गोठतं ते टाकीतून निघणाऱ्या नळीतलं आणि व्हॉल्व्हमधलं ओंजळभर पाणी. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. पेक्स प्लास्टिकची नळी थोडा ताण सोसते, जोड मात्र तडकतात.

म्हणून ट्रेलरखाली आडवी पडून मी तळाचा काळा प्लास्टिकचा पत्रा सोडवला. टाकीचा तळ स्पिरिटने लख्ख पुसला आणि हीटिंग पॅड नळीच्या तोंडाजवळ चिकटवले. मधे हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून एका कडेपासून दाबत नेले. नळीच्या वळणावरच्या जोडांना (एल्बोंना) तापणारी पट्टी गुंडाळली. हे पॅड साधारण ७ अंशांना आपोआप सुरू होतात आणि २० ला बंद. एकेक पॅड १२ व्होल्टवर पाच-सहा अँपिअर ओढतो. नुसत्या बॅटरीवर रात्र काढणं अवघड. त्यामुळे मुक्काम दक्षिण कड्यावरच्या ट्रेलर व्हिलेजलाच ठरवला, तिथे विजेची जोडणी मिळते.

सांडपाण्याच्या दोन्ही टाक्यांत निघण्याआधी गुलाबी अँटिफ्रीझ ओतलं. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. मोटारीतलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे अजिबात चालत नाही. आणि या टाक्या रिकाम्या करायचा व्हॉल्व्ह घट्ट बंद. तो उघडा ठेवला तर बारीक धार पाइपमध्ये थरावर थर गोठत जाते आणि पाइप चोंदतो. टाकी भरत आली की दुपारच्या उन्हात एकदम रिकामी करायची. स्वच्छ पाण्याचंही तसंच: टाकी भरून घ्यायची, होज काढून, निथळून आत ठेवायचा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीटरची. गॅस वाचवायला लोक आत विजेचा हीटर लावतात. खोली उबदार होते, थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं, आणि ट्रेलरची गॅसवरची फर्नेस सुरूच होत नाही. आमच्या ट्रेलरमध्ये फर्नेसचीच गरम हवा एका नळीने खाली टाक्यांपर्यंत जाते. म्हणजे आपण वर मजेत झोपलेलो आणि खाली नळ्या गोठत असतात. म्हणून रात्री विजेचा हीटर बंद, फर्नेस चालू, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी. प्रोपेनची दोन्ही सिलिंडरं मात्र भरलेली हवीत.