जहाज थांबत नाही

सिंगापूरहून निघालेले आमचे जहाज सकाळी पेनांगला लागले. संध्याकाळी पाचपर्यंत परत चढायचे होते. १८०१मध्ये भारतातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभारलेली कपितान केलिंग मशीद बंदरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. तिथे जोहर अदा करून आम्ही पेनांग हिल गाठली. उतरताना डोंगरी रेल्वेच्या रांगेतच तास गेला. अम्मीच्या रक्तदाबाच्या गोळ्या केबिनमध्ये! पाचला सात मिनिटे असताना पोहोचलो, अल्हमदुलिल्लाह.

जहाजाच्या सहलीला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते. स्वतःहून फिरणाऱ्यांना पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. म्हणून दूरचे आधी पाहावे, जवळचे शेवटी. सकाळी डोंगर केला असता, तर जोहर परतीच्या वाटेवरच झाली असती.