सुरांची जोडी जमवताना

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे पत्र माजी विद्यार्थी मंडळाकडून आले, तेव्हा कोणत्या विषयावर लिहावे, याचा फारसा विचार करावा लागला नाही. गेली तीन वर्षे रोज सायंकाळचा एक तास मी ज्या उद्योगात घालवितो, त्याविषयीच लिहावे असे ठरविले. विषय काहीसा आडवळणाचा आहे. आयर्लंडच्या पारंपरिक नृत्यसंगीतातील दोन धुना एकापाठोपाठ एक वाजवावयाच्या असतील, तर त्या कोणत्या निवडाव्यात, आणि उतारवयाकडे झुकलेल्या नवशिक्या बँजोवादकाने ही निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, एवढाच तो विषय. वाचकांनी थोडी सवलत द्यावी, ही विनंती.

प्रथम वाद्याविषयी. आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत जे ‘बेंजो’ वाजते, ते बटणे दाबून वाजवावयाचे तारवाद्य होय. बुलबुलतरंगाचे ते विजेवर चालणारे रूप, आणि त्याचे मूळ जपानमधील ताइशोगोतो या वाद्यात आहे. मी शिकतो तो बँजो निराळा. डफासारख्या गोल चौकटीवर कातडे ताणलेले, त्याला जोडलेली लांब मान, मानेवर धातूचे पडदे आणि चार तारा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेलेल्या माणसांनी आपल्या मायभूमीतील वाद्यांच्या आठवणीतून बँजो प्रथम घडविला. ज्यांचा स्वतःच्या देहावरही हक्क मान्य केला गेला नव्हता, त्यांच्या हातून घडलेले वाद्य आज देशोदेशी वाजते, ही गोष्ट आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या कोणाच्याही मनाला भिडावी अशीच आहे. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमधील आयरिश वादकांनी चार तारांचा टेनॉर बँजो आपल्या नृत्यसंगीतात आणला. पुढे ‘द डब्लिनर्स’ या वृंदातील बार्नी मॅकेना (१९३९–२०१२) यांनी त्याच्या तारा फिडलप्रमाणे, परंतु एक सप्तक खाली लावण्याची रीत लोकप्रिय केली. या रीतीत प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात लावलेली असते.

आता रील. हल्लीच्या मुलांना हा शब्द मोबाइलवरील चित्रफितीमुळे परिचित आहे. येथे त्याचा अर्थ एक द्रुतगतीची नृत्यधून असा आहे. तिचे दोन भाग असतात. आपल्या स्थायी-अंतऱ्याची आठवण व्हावी, अशीच ही रचना आहे. प्रत्येक भाग बहुधा आठ बारांचा आणि दोनदा वाजवावयाचा, म्हणजे एका फेरीत बत्तीस बार. एका बारात आठ द्रुत सूर धरले, तर एका फेरीत दोनशे छप्पन्न सूर होतात. एक धून साधारणतः तीन वेळा वाजवितात आणि क्षणाचीही उसंत न घेता दुसरी धून धरतात. अशा जोडीला किंवा त्रयीला तिकडे ‘सेट’ म्हणतात. दोन धुनांच्या एका सेटमध्ये पंधराशेहून अधिक सूर हातून निघावे लागतात, आणि त्यांच्या बरोबर मध्यावर धून बदलते.

नोकरीच्या निमित्ताने मी क्लेअर काउंटीतील एनिस या गावी स्थायिक झालो. या भागात संगीताची परंपरा मोठी आहे. सायंकाळी पबच्या एका कोपऱ्यात फिडल, बासरी, अकॉर्डियन, बँजो घेऊन माणसे वर्तुळात बसतात. समोर श्रोते असोत वा नसोत, वादक एकमेकांकडे तोंड करून वाजवितात. मी हातात चहाचा कप घेऊन या वर्तुळाच्या कडेला वर्ष-दीड वर्ष बसलो. पुढे वाद्य घेऊन बसू लागलो, आणि ज्या धुना येत होत्या त्यांत हलक्या हाताने सहभागी होऊ लागलो. येथवर सारे सोपे होते. गेल्या हिवाळ्यात माझे शिक्षक म्हणाले, “पुढल्या महिन्यात एक सेट तुम्ही सुरू करावयाचा.”

या एका वाक्याचा भार वाचकांच्या लक्षात यावा म्हणून थोडे सांगतो. वर्तुळात जो सेट सुरू करतो, तो धुना निवडतो आणि लय ठरवितो. बाकीचे त्याच्यामागे येतात. दुसरी धून कोणती, हे बहुधा आधी सांगितले जात नाही. भुवई उंचावून किंवा मान हलवून बदलाची सूचना दिली जाते आणि सारे त्या वळणावर एकदम वळतात. परदेशात राहणाऱ्या माणसाला पाहुणा म्हणून आदर मिळतो, मदतही मिळते. परंतु त्याच्यामागे दहा माणसे विश्वासाने चालतील, असा प्रसंग क्वचितच येतो. कोणत्या दोन रील निवडाव्यात, या प्रश्नाने मला महिनाभर झोप लागू दिली नाही, ती यामुळे.

पहिली कसोटी बोटांची. बँजोचा सूर फिडलसारखा लांबविता येत नाही. छेडला की तो विरू लागतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक सुराला प्लेक्ट्रमचा स्वतंत्र आघात द्यावा लागतो, एक वरून खाली, एक खालून वर. एकाच तारेवर हे सहज जमते. तारा ओलांडताना मनगट अडखळते. ‘ड्राउझी मॅगी’ ही रील ऐकावयास गोड आणि पाठ करावयास सोपी, परंतु तिच्या आरंभीच हात दोन तारांमध्ये सारखा ये-जा करतो. फिडलचा गज जे सहज करून जातो, त्यासाठी बँजोवादकाला महिने घालवावे लागतात. कानाला सोपी वाटणारी धून हाताला सोपी असेलच असे नाही, हे नवशिक्याने प्रथम ध्यानी घ्यावे.

दुसरी कसोटी स्मरणाची. ‘द मेड बिहाइंड द बार’ आणि ‘द सिल्व्हर स्पिअर’ या दोन्ही रील नवशिक्यांना लवकर शिकवितात. दोहोंचा षड्ज एकच, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी दोन. दोन्ही गंधारावर उघडतात आणि लगेच पंचमाकडे झेपावतात. त्यांची जोडी लावली, तर वळणाच्या क्षणी बोटांना दोन वाटा एकसारख्या दिसतात, आणि दुसरी धून धरावयास निघालेला हात नकळत पहिलीकडेच परतण्याचा धोका असतो. ‘ड्राउझी मॅगी’ आणि ‘कूलीज’ यांचेही तसेच. दोन्हींचा आरंभ एकाच षड्ज-पंचमाच्या खेळातून होतो. अनुभवी वादक अशा जोड्या लीलया पेलतात. नवशिक्याने मात्र जिचा आरंभ पहिलीपेक्षा स्पष्टपणे वेगळा आहे, अशी दुसरी धून शोधावी. श्रोत्याच्या दृष्टीनेही हेच इष्ट, कारण दोन सारख्या धुना जोडल्या, तर बदल झाला आहे हे त्याला कळतही नाही.

तिसरी कसोटी षड्जाची, आणि येथे मला आपली शाळा उपयोगी पडली. आमच्या संगीताच्या सरांनी सभागृहातील पेटीवर आम्हांला एक गंमत दाखविली होती. फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरावयाच्या. पांढरी एकला षड्ज मानून चढत गेले, की बिलावल थाट होतो. त्याच पट्ट्या, परंतु पांढरी दोनला षड्ज मानले, की काफी होतो. सूर तेच सात. घर बदलले, की सुरांचे नाते बदलते आणि नात्याबरोबर भावही बदलतो. मूर्च्छना हा शब्द आम्ही त्या दिवशी शिकलो.

आयरिश सेटमध्ये नेमकी हीच युक्ती वारंवार योजलेली आढळते. ‘कूलीज’ ही रील जो कूली (१९२४–१९७३) या गॉलवेच्या अकॉर्डियनवादकाच्या नावाने ओळखली जाते. तिचा षड्ज पांढरी तीन, आणि तिचे चलन काफीच्या जवळचे, किंचित गंभीर. तिच्यापाठोपाठ ‘द वाइज मेड’ घेतात. तिचा षड्ज पांढरी दोन, आणि थाट बिलावल. सुरांचा संच दोहोंत एकच आहे. षड्ज तेवढा एक पायरी खाली उतरतो. परिणाम मात्र असा होतो, की दाटून आलेले आभाळ एकाएकी मोकळे व्हावे. हाताला नवे पडदे शोधावे लागत नाहीत, आणि कानाला मात्र नव्या प्रदेशात आल्यासारखे वाटते. नवशिक्याला याहून सोयीचे वळण सापडणे कठीण. षड्ज पांढरी पाचवरून पांढरी दोनवर नेण्याचा मार्गही सोपा आहे. तेथे सातांपैकी एकच सूर बदलावा लागतो. ‘द सॅली गार्डन्स’नंतर ‘द सिल्व्हर स्पिअर’ घेतली, तर हे अनुभवता येते.

चौथी कसोटी परंपरेची. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली स्लायगोचे फिडलवादक मायकेल कोलमन (१८९१–१९४५) यांनी ‘द टार्बोल्टन’, ‘द लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘द सेलर्स बॉनेट’ या तीन रील एकापाठोपाठ एक ध्वनिमुद्रित केल्या. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मिळत; तेवढ्यात तीन धुना बसविल्या गेल्या. ही तबकडी समुद्र ओलांडून मायदेशी पोहोचली, आणि त्या तीन धुनांची अशी गाठ पडली, की आज नव्वद वर्षांनंतरही एक सुरू झाली की पुढच्या दोन कोणत्या, हे विचारावे लागत नाही. पोटासाठी १९१४ साली देश सोडून गेलेल्या माणसाने परक्या शहरात लावलेला क्रम त्याच्या गावाने आपला मानला. नवी जोडी शोधण्याचा मोह प्रत्येकाला होतो. परंतु ज्या जोडीवर अनेकांचे हात आधीच फिरलेले आहेत ती घेतली, तर वळणावर आपण एकटे पडत नाही. साथीला गिटार धरून बसलेल्यालाही पुढचा षड्ज कोठे आहे, याचा अंदाज असतो.

या चार कसोट्या लावून मी ‘कूलीज’ आणि ‘द वाइज मेड’ ही जोडी निवडली. निवड झाल्यावर सरावाची रीत बदलली. दोन्ही धुना स्वतंत्रपणे येत होत्या. प्रश्न सांध्याचा होता. म्हणून पहिलीचे अखेरचे दोन बार आणि दुसरीचे पहिले दोन बार, एवढेच चार बार रोज चाळीस-पन्नास वेळा वाजवीत राहिलो. लयही दुसऱ्या धुनेतील सर्वांत अवघड बारावरून ठरविली. पहिली धून ओळखीची असल्याने हात आपोआप वेग घेतो, आणि तो वेग दुसरीत फेडावा लागतो. म्हणून आधी दुसरी मनात म्हणावयाची, तिची चाल पायाच्या ठेक्यात उतरवावयाची, आणि त्याच ठेक्यावर पहिली सुरू करावयाची. घाईच्या जगात हा उलटा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

ठरलेल्या रात्री मी ‘कूलीज’ सुरू केली. पहिल्या फेरीत दोन फिडल आल्या, दुसरीत बासरी आणि अकॉर्डियन. तिसऱ्या फेरीच्या शेवटी मी मान वर केली. समोरच्या वृद्ध फिडलवादक बाईंनी माझ्याकडे पाहून किंचित स्मित केले, आणि पुढच्या क्षणी सारे वर्तुळ ‘द वाइज मेड’मध्ये होते. त्या दहा-बारा वाद्यांच्या नादात माझा बँजो मला स्वतःला वेगळा ऐकू येत नव्हता. सेट संपल्यावर कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. तशी तिकडे पद्धतही नाही. शेजारच्याने एवढेच विचारले, “पुढची कोणती?”

आपल्यापैकी अनेकांनी गाव सोडून वसतिगृह पाहिले, वसतिगृह सोडून शहर पाहिले, काहींनी देशही सोडला. दर वेळी आपल्याजवळचे सूर तेच होते. षड्ज सरकला होता. नव्या षड्जाशी कान जुळेपर्यंतचे दिवस कठीण जातात, हे आपण सारे जाणतो. त्या दिवसांत मागच्या धुनेचा शेवट आणि पुढच्या धुनेचा आरंभ, एवढाच सांधा धीराने घोटीत राहावे, असे मी शाळेतून आज बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना सुचवू इच्छितो. सभागृहातील ती पेटी अद्याप असेल, तर तिच्यावर एकदा पांढरी एकपासून आणि मग न थांबता पांढरी दोनपासून चढून पाहावे. मी सांगतो आहे ते दोन मिनिटांत कानाला कळेल.