साधा वर्तमानकाळ

आमच्या शाळेत इंग्रजी क्रियापदे पाढ्यांसारखी चालवावी लागत. ‘आय गो, यू गो, ही गोज’ असे तालावर म्हटले, की मास्तर प्रसन्न! मला मात्र नवल वाटे. एवढे मोठे राज्य करणाऱ्या इंग्रजांनी क्रियापदाला प्रत्यय लावताना हात इतका आखडता का घ्यावा? आपल्या मराठीत मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तुम्ही जाता, ते जातात! बाई की बुवा, एक की अनेक, सारे क्रियापदच सांगून टाकते. कर्ता घरी राहिला तरी अडत नाही. त्यांच्याकडे सारा थाट एका ‘एस’चा, तोही फक्त तृतीयपुरुषी एकवचनापुरता. जुन्या इंग्रजीत इतरही प्रत्यय होते म्हणे. ते झिजले, हा एकटा उरला.

निवृत्तीनंतर काही वर्षे मी संध्याकाळी चेंबूरहून माहुलला जाऊन तिथल्या वसाहतीतल्या मुलांना इंग्रजी शिकवीत असे. सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आले आहे. पण पोरे तो ‘एस’ हमखास गिळत. म्हणून उदाहरणे मी दारातलीच घेई. कोळी जाळे टाकतो. हिवाळ्यात खाडीच्या चिखलावर रोहित पक्षी येतात. रिफायनरीच्या उंच नळीवर ज्योत जळते. नेहमी घडते त्याला साधा वर्तमानकाळ. तूर्त चालले आहे त्याला ‘आयएनजी’. नियम कसा चोख!

एकदा सातवीतल्या एका मुलीने वहीत लिहिले, ‘आय ॲम लिव्हिंग इन माहुल.’ मी लाल रेघ ओढली आणि वर ‘आय लिव्ह’ लिहिले.

“पण बाई, थोडेच दिवस चालायचं त्याला ‘आयएनजी’, असं तुम्हीच सांगितलंत ना? आम्ही इथं थोडेच दिवस आहोत. आई म्हणते, दुसरीकडे घर मिळणार आहे.”

तिचे घर तानसाच्या जलवाहिनीलगत होते. २०१७ साली ते पाडले गेले आणि कुटुंब इथल्या इमारतीत आले. इथली हवा आरोग्याला घातक असल्याचे हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. आणखी माणसे इथे धाडू नयेत, असे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले. आधी आलेल्यांचा प्रश्न मात्र सुटता सुटत नव्हता. त्या आईने काही बोचकी अजून सोडलेलीच नव्हती. धाकट्याचा खोकला तर मी वर्गात बसून ऐकत असे.

मराठीत ‘मी माहुलला राहते’ म्हटले, की किती दिवस, हे कोणी विचारीत नाही. इंग्रजी तेवढे विचारते. आणि त्याचे उत्तर माझ्यापेक्षा तिला ठाऊक होते.

मी माझाच शब्द खोडला. अवघडलेपण जावे म्हणून विचारले, “आणि बाबा काय करतात? इंग्रजीत सांग बघू.”

“ही गोज टु विद्याविहार एव्हरी डे, बाई. काम तिकडेच आहे ना.”

‘एस’ तिने बरोबर लावला होता.