पायाखालची फरशी

घराची प्रतिष्ठा कशावरून ओळखावी, याचे निकष काळाबरोबर बदलत आले आहेत. आमच्या आजेसासूबाईंच्या काळी ती फडताळातल्या पितळी भांड्यांवरून ओळखली जाई. सासूबाईंच्या काळी दिवाणखान्यातल्या शिसवी झोपाळ्यावरून. आता ती फरशीवरून ओळखतात. पाहुणा उंबरठ्याच्या आत पाऊल टाकतो तो खाली पाहूनच, आणि खाली त्याला स्वतःचा चेहरा दिसला म्हणजे घर उत्तम, असे ठरते.

बडोद्याला दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्यात तीन प्रकारच्या जमिनी होत्या. स्वयंपाकघरात शहाबादी, ओटीवर कोटा आणि मागच्या अंगणात शेणाने सारवलेली माती. शहाबादी फरशी गुलबर्ग्याकडच्या खाणींतली, कोटा राजस्थानातल्या रामगंज मंडीकडचा. पण दोन्ही मुळात धरित्रीचेच थर. त्यांच्या अंगावर छिन्नीची खडबड होती, खळगे होते, आणि पायाला धरून ठेवण्याची एक मायाळू सवय होती. २०१९ साली वाडा सोडून आम्ही सदनिकेत राहावयास आलो, तेव्हा मोरबीहून आलेली पांढरीशुभ्र व्हिट्रिफाइड फरशी घातली. दुकानदार अभिमानाने म्हणाला होता, “बेन, मोढुं देखाय एवी टाइल छे.” आणि खरोखरच तिच्यात तोंड दिसे.

आमच्याबरोबर वाड्यातून आणखी एक जीव आला होता. खंड्या. २०१२ साली ऐन पावसात वाड्याच्या दिंडीशी कुडकुडत बसलेले गावठी पिल्लू. ते घरात आले आणि घरचेच झाले. नव्या फरशीवर पहिली काही वर्षे तो घसरे, पण तरुण पायांना घसरणेदेखील खेळच वाटतो. गेल्या दोन वर्षांत मात्र चित्र पालटले. वळताना त्याचे मागचे पाय दोन दिशांना फाकू लागले. एकदा बसला की उठताना पुढचे पंजे सरकत आणि तो पुन्हा पोटावर येई. मग त्याने प्रयत्नच सोडला. दाराची घंटा वाजली की तो पायपुसण्यावर बसूनच शेपटी हलवी. पाण्याचे भांडे स्वयंपाकघरात, मध्ये बारा फूट चकचकीत फरशी. तो दुरून भांड्याकडे पाहत राही आणि दिवसदिवस पाणी पीत नसे.

आमच्याकडे आलेल्या एका नातलगांनी हे पाहिले आणि सहानुभूतीनेच म्हटले, “आता किती दिवस हाल बघणार वहिनी? पांजरापोळात ठेवा, नाहीतर डॉक्टरांना सांगून एकदाचा सोडवा त्याला.” घरात त्या रात्री कोणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला उचलून सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जमिनीवर नेले. उन्हाने तापून निवलेली माती होती, थोडे गवत होते. खंड्या क्षणभर उभा राहिला, मग चालू लागला. हळू, मागचा डावा पाय किंचित ओढत. पण चालू लागला. कुंपणापर्यंत गेला, परत आला, आणि जुन्या सवयीने मागच्या पायांनी माती उकरली. एकदाही पडला नाही. जो जीव मातीवर चालतो आणि फरशीवर पडतो, त्याचा शेवट जवळ आला असे कसे म्हणावे?

पशुवैद्यांनी तपासून जे सांगितले त्याचे सार असे: खुब्याचे सांधे झिजले आहेत, मागच्या पायांचे स्नायू उतरले आहेत, डोळ्यांत निळसर धूसरपणा आहे. वयोमानाने हे व्हायचेच. परंतु कुत्रा बोटांवर चालणारा प्राणी; मातीत नख रोवून तो तोल धरतो. गुळगुळीत फरशीत नख रुतत नाही. त्याच्या देहाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो. मागचे दुखू लागले की तो आणखी पुढे झुकतो आणि मागचा भाग अधिकच दुबळा होतो. त्यातून एकदा पडला की भीतीने सारे अंग ताठ करून चालतो, आणि ताठ पाय अधिक घसरतो. व्हिट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. म्हणून पुसल्यावर ओल वरच राहते, ती संकटात भर घालते. डॉक्टर हसून म्हणाले, “याचे अर्धे दुखणे हाडांत आहे आणि अर्धे तुमच्या घरात.”

हाडांतले अर्धे पूर्ण बरे होणारे नव्हते. घरातले अर्धे मात्र आमच्या हाती होते. प्रथम त्याची नखे कापली. वाढलेली नखे फरशीवर आधी टेकतात आणि पंजाच्या गाद्या वर उचलल्या जातात. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, म्हणून एकदम न कापता दर आठवड्यास टोकटोक काढावे. बोटांमधले केस गाद्यांवर आले होते, तेही बोथट कात्रीने कातरले. मग रबरी पाठीच्या लांब पट्ट्या आणल्या. नुसती सतरंजी उपयोगाची नाही; ती कुत्र्यासकट सरकते. पट्ट्यांची रांग सलग हवी: अंथरुणापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत. मध्ये हातभर फरशी उघडी राहिली तरी तो तिथेच, नदीकाठी थांबावे तसा, थांबतो. वळणाच्या जागी पट्टी दुप्पट रुंद ठेवली. पाण्याचे भांडे पाटावर ठेवले, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही, आणि भांड्याखाली जुनी योगासनांची चटई घातली. जिन्याशी आडवी फळी लावली. उठवताना पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे, पंचा घालून दोन्ही टोके हाती धरली की निम्मा भार आपल्याकडे येतो. वेदना दिसते म्हणून आपल्या डब्यातली गोळी मात्र कदापि देऊ नये; माणसाला मानवणारी आयबुप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरतात.

हे सारे लिहिले तितके घरात सहज झाले नाही. करड्या रबरी पट्ट्यांनी दिवाणखान्याची शोभा गेली, हे खरेच होते. “एवढा पैसा घालून फरशी केली ती झाकण्यासाठी?” हा आमच्या ह्यांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. त्या फरशीसाठी त्यांनी पोटाला चिमटा घेतला होता. मुलगा म्हणाला, पाहुणे आले की गुंडाळून ठेवू. या वादात शेवटचा शब्द पडला तो ज्यांना कोणी विचारलेच नव्हते त्यांचा. सासूबाईंचे वय चौऱ्याऐंशी. खाटेवरून त्या म्हणाल्या, “काढू नका त्या. आणि सूनबाई, एक पट्टी माझ्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंतही टाक. या घरात आल्यापासून मी भिंत धरूनच चालते. तुम्ही हौसेनं केलेली फरशी, म्हणून बोलले नाही.”

ह्यांनी त्याच संध्याकाळी बाजारातून आणखी दोन पट्ट्या आणल्या.

महाप्रस्थानाच्या वाटेवर श्वानाला मागे टाकून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिराने नकार दिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दत्ताच्या तसबिरीतले चार श्वान तर आपल्या घराघरांत आहेत. पण त्या कथेतल्या श्वानाच्या पायाखाली हिमालयाची खडबडीत वाट होती, आणि निष्ठेची कसोटी स्वर्गाच्या दारी एकदाच झाली. आपल्या घरात ती दररोज होते, आणि तिचे स्वरूप फार साधे असते: कोणी तरी वाकून सरकलेली पट्टी सरळ करते की नाही, एवढेच.

एक दिवस असा येईल की मातीवरही खंड्याला उभे राहता येणार नाही. त्या दिवशी काय करायचे ते डॉक्टरांना विचारून, आम्ही सारे मिळून ठरवू. पण तो दिवस त्याच्या देहाने ठरवावा. फरशीने ठरवू नये. तूर्त तो पाणी पितो, दारापर्यंत येतो आणि संध्याकाळी मातीत वीस-पंचवीस पावले फिरतो. दर रविवारी पट्ट्या धुऊन गच्चीवर वाळत घालतो, तेवढा वेळ सासूबाई आपल्या खाटेवर आणि खंड्या खाटेखाली बसून राहतात. पट्ट्या परत अंथरल्या की आधी तो उठतो, मग त्या.