जिल्ह्यातला ‘ज’

गेल्या उन्हाळ्यात जालन्यातली चार-पाच मंडळी माझ्याकडे आली. दोघे सळईच्या धंद्यातले, एक मोसंबीचे बागायतदार, बाकीचे आखातात नोकरी करून परतलेले. त्यांना शाळा काढायची होती. अरबी आणि इंग्रजी अशी दोन्ही माध्यमं, नावात ‘इंटरनॅशनल’. मी अरबीची शिक्षिका, त्यातली काही वर्षं कतारमध्ये काढलेली, म्हणून सल्ला हवा होता. आराखड्यात पोहण्याचा तलावही होता. नळाच्या पाण्याची वाट बघण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या गावात! मी हसू दाबलं. त्यांच्यातल्या एकाची बायको सोबत आली होती. इतका वेळ गप्प बसलेली ती निघताना म्हणाली, “मॅडम, पोरगं शाळेत अरबी बोललं, इंग्रजी बोललं. घरी आजीशी काय बोलायचं त्यानं?”

शाळा काढायला निघालेल्यांपैकी कुणालाच हा प्रश्न सुचला नव्हता.

अशा शाळा मूळच्या अरब देशांतल्या, आणि तिथे त्या स्थानिक कुटुंबांसाठी असतात. मूल अरबी घरूनच घेऊन येतं. इंग्रजीच्या लोंढ्यात ती वाहून जाऊ नये, म्हणून दोन्ही भाषांना वर्गात जागा द्यायची, असा तो हिशेब. तरी तिथेही ओढाताण आहेच. घरात बोलतात ती अरबी वेगळी आणि पुस्तकातली, बातम्यांतली ‘फुस्हा’ वेगळी. सहा वर्षांच्या कतारी मुलाला शाळेतली अरबी जवळजवळ नव्यानेच शिकावी लागते. कतारने 2004 पासून सरकारी पैशावर चालणाऱ्या नव्या धर्तीच्या शाळा काढल्या आणि त्यांत गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू केलं. मुलांची अरबी कच्ची राहते अशी ओरड झाली आणि 2012 मध्ये ते विषय पुन्हा अरबीत आणले. ज्यांची ती मातृभाषा, त्यांची ही गत.

जालन्यात अरबी कुणाच्याच स्वयंपाकघरात बोलली जात नाही. मुसलमान घरांत दखनी, बाजारात मराठी. केंब्रिजच्या परीक्षेत अरबीचे दोन वेगळे विषय आहेत, पहिली भाषा आणि परकी भाषा. आमचं पोर दुसऱ्याच रांगेत बसणार. म्हणजे ही शाळा द्वैभाषिक नव्हे. घरची भाषा बाहेर ठेवून दोन परक्या भाषा आत घ्यायच्या, असा तो बेत होता.

पण म्हणून इथे अरबीला जमीनच नाही असं मी म्हणणार नाही. आमची बरीच मुलं आठ-नऊ वर्षांची होईतो नाजरा पूर्ण करतात, म्हणजे कुराण अर्थाशिवाय, पण अक्षर न अक्षर वाचू शकतात. सुरुवात होते ती ‘नूरानी कायदा’ या पातळ पुस्तकापासून. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पाया, आणि त्यावरून नियम. मकतबात कायदा म्हणजे अंकलिपी. कचेरीत कायदा म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवून साहेब अर्ज परत करतात तो.

कचेरी मला घरचीच. माझे वडील तहसीलमध्ये अव्वल कारकून होते. रद्द झालेले छापील नमुने ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अलिफ-बे गिरवत असे. कागदाच्या एका बाजूला अरबी अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला अरबी शब्द आहेत, हे कळायला मला वीस वर्षं लागली. तहसील, महसूल, हासील ही तर एकाच धातूची भावंडं. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. फारसीच्या पाठीवर बसून हे शब्द आले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तरी पुष्कळ शब्द हलले नाहीत. माधव ज्यूलियनांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश चाळला की दिसतं, यांना मराठीतून काढायचं तर सातबारासुद्धा मुका होईल.

मी शिकवते ती ‘दाद’ या अक्षरापासून. अरबी वर्णमालेत 28 अक्षरं आहेत. हे त्यातलं सर्वांत अडेल. जुन्या उच्चारशास्त्राप्रमाणे जिभेची कड वरच्या दाढांना लावून ते काढायचं. अरब लोक आपल्या भाषेला ‘दादची भाषा’ म्हणतात ते उगाच नाही. आपल्याकडे पोचेतो त्याचा ‘ज’ झाला. कर्ज, अर्ज, गरज, मर्जी, रजा, हजर, या सगळ्यांत तो लपलेला आहे. गावाच्या नावाआधी ‘मौजे’ लिहितो त्यातही. आणि जिल्हा! मूळ शब्द ‘दिल्अ’, म्हणजे बरगडी, कूस, बाजू. 1 मे 1981 ला औरंगाबाद आणि परभणीतून तुकडे घेऊन जालना जिल्हा झाला, तेव्हा मराठवाड्याला एक नवी बरगडी फुटली म्हणायची. वर्गात हे सांगितलं की मुलं आपापल्या फासळ्या चाचपून बघतात.

दुसरी सोय आकड्यांची. अरबीत 25 वाचताना ‘पाच आणि वीस’ म्हणतात. इंग्रजीत शिकलेलं मूल इथे अडखळतं. पंचवीस म्हणणारं मराठी मूल सरळ पुढे जातं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आलं आणि राज्यभर वाद पेटला, तेव्हा मला माझ्याच धंद्याची काळजी वाटली होती.

डावखुऱ्या मुलांचंही सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या तळव्याची कड इंग्रजीच्या तासानंतर शाईने निळी झालेली असे. ओळ उजवीकडे सरकते, मागोमाग हात ओल्या अक्षरांवरून फिरतो. अरबीच्या तासाला तोच हात स्वच्छ. वर्गात सर्वांत नेटकी अरबी वही तिची होती.

मंडळींना मी सांगितलं, तलाव राहू द्या, आधी मराठीचा चांगला शिक्षक शोधा. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहेच. पण सक्ती म्हणून कोपऱ्यात टाकू नका, अरबी तिच्यातूनच शिकवा. गणित इंग्रजीतूनच ठेवा. इजिप्तमध्ये समीकरणंही उजवीकडून डावीकडे लिहितात. आमच्या पोरांच्या डोक्याला तो ताप नको. आणि नुसती अरबीच हवी असेल, तर राज्य मंडळाच्या दहावीला ती विषय म्हणून घेता येते, त्यासाठी नवी इमारत लागत नाही. ते वहीत लिहून घेत होते. पुढे काय झालं, मला कळवलेलं नाही.

त्या बाईंना मात्र उत्तर द्यायचं राहून गेलं. तिचा मुलगा आता रविवारी माझ्याकडे येतो. घरातला कुठलाही कागद आणा, दाद शोधा, असं काम दिलं होतं. त्याने आजीच्या पीककर्जाच्या अर्जाची झेरॉक्स आणली. आजीनेच मोठ्याने वाचून दाखवली होती म्हणे. कर्ज, अर्ज, मौजे, जिल्हा, सगळ्यांभोवती पेन्सिलीने गोल. ‘जालना’भोवतीसुद्धा.

“याच्यात नाही,” मी म्हटलं. “इथल्या एका श्रीमंत जुलाह्यावरून, म्हणजे विणकरावरून हे नाव पडलं असं लोक सांगतात. तो शब्द अरबी नाही.”

त्याने खोडरबर काढलं आणि तेवढा एक गोल पुसला.