तीन पाणी आणि पायांची पाती

डिचोलीहून पेडणेमार्गे तेरेखोल आणि तेथून पुढे मालवण, एवढ्या प्रवासात तीन तऱ्हेचे पाणी दृष्टीस पडते. या किनाऱ्यावरील कित्येक तरुण आज पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या तळाशी उतरावयास शिकत आहेत. कोणी हौसेखातर, तर कोणी पर्यटकांना घेऊन जाण्याच्या रोजगारासाठी. पायांत घालावयाची रबरी पाती, ज्यांना फिन्स म्हणतात, ती कशी निवडावीत हा प्रश्न त्यांच्यापुढे लवकरच उभा राहतो. त्याचा विचार आम्ही या वाटेनेच करू.

आपले लोक पाण्यास नवखे नाहीत. उथळ खाडीत होडी वाशाने रेटावी आणि खोल पाण्यात वल्हे हाती घ्यावे, हे कोळ्याच्या पोरासही ठाऊक असते. फिन्स ही पाणबुड्याची वल्हीच होत. फ्रेंच नौदलातील अधिकारी लुई द कॉर्लिए यांनी 1933 साली त्यांचे पेटंट घेतले. पुढे 1943 साली कूस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र सिद्ध केले आणि या जोडीमुळे मनुष्यास समुद्रात मोकळेपणी हिंडता येऊ लागले.

डिचोली तालुक्यातील मये येथील तळे टेकड्यांच्या कुशीत संथ पसरलेले आहे. अशा पाण्यात सारीच पाती चांगली वाटतात, आणि ग्राहक फसतो तो येथेच. पोहण्याच्या हौदात दोन फेऱ्या मारून पाते पसंत करणाऱ्यास समुद्राच्या ओढीची कल्पना येत नाही. मात्र संथ पाण्याचाही एक धडा आहे. तळाशी गाळ असला, तर पाय वरखाली मारताच सारे गढूळ होते व सोबती दिसेनासा होतो. तेथे बेडकासारखे पाय बाजूस मारावे लागतात. त्यासाठी आखूड व थोडे ताठ पाते बरे. मधोमध चिरलेले पाते श्रम वाचवते, परंतु अशा वळणास तितके साथ देत नाही.

अस्नोडा, कोलवाळ मागे टाकून पेडण्यात शिरावे आणि हरमलवरून केरीस यावे. नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. 1746 साली तो सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. आत संत अंतोनीचे देऊळ आहे. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी येथेच तिरंगा फडकविला. खाली नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी कसे ओढ घेते, ते काठावरूनच पाहावे. तेथे उतरण्याचे धाडस कोणी करू नये. अशा ओढीपुढे फार मऊ पाते लुळे पडते. म्हणून कोणी लांब व कडक पाते घेतो. पण मांडीत तेवढे बळ नसले, तर पोटरीत गोळा येतो. गोळा आलाच, तर न घाबरता पात्याचे टोक धरून आपल्याकडे ओढावे. नवशिक्यास मध्यम लांबीचे व मध्यम ताठपणाचे पातेच हिताचे.

तेरेखोल ओलांडून रेडी, शिरोडा, वेंगुर्ले करीत मालवण गाठता येते. येथील सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्था आहे. येथला तळ खडकांचा आणि प्रवाळांचा. होडीतून थेट पाण्यात उतरावयाचे असेल, तर अनवाणी पायात घालावयाचे बंद टाचेचे पाते पुरते. कालवांनी भरलेल्या खडकांवरून चालत जावयाचे असेल, तर जाड मोजे-बूट व त्यांवर पट्ट्याचे, उघड्या टाचेचे पाते घ्यावे. आणि ते त्याच बुटासह घालून पाहावे.

आमच्या गावांत अनवाणी चालून अनेकांचे पंजे रुंद झालेले असतात. तेव्हा बुटाच्या क्रमांकावर विसंबू नये. पाते चढवून पाय उचलावा, हलवावा. टाच सुटू नये, बोटे दुमडू नयेत, कोठे रुतू नये. दुकानात किंचित टोचणारे पाते तासाभरात कातडी सोलते. केवळ एकदाच हौसेने उतरणाऱ्यास प्रशिक्षक धरून नेतो. त्याने खरेदीत पैसे घालवू नयेत.

घेतलेली पाती प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावीत. टोकावर उभी करून ठेवू नयेत, ती वाकतात. पट्टा झिजला की बदलावा, कारण खोल पाण्यात तो तुटला तर पोहणेच अवघड होते.

शेवटी एवढेच की, प्रवाळाचे झाड दगडासारखे दिसले तरी ते सजीव आहे आणि अनेक जातींचे प्रवाळ वर्षाकाठी बोटभरही वाढत नाहीत. बेसावध पायाचा एक फटका त्याची अनेक वर्षांची वाढ मोडतो. ज्याच्या पायात नेमके बसणारे आणि ताब्यात राहणारे पाते असते, त्याच्याकडून हा अपराध सहसा घडत नाही. आणि ज्या समुद्रावर त्याच्या घराची चूल पेटते, तो समुद्र पुढच्या पिढीसही पोसण्यास शिल्लक राहतो.